साळवे काकांचा खासगी निरोप

“मजकूर उत्तम. एक विचारू का?” साळवे काकांचा मला आलेला हा पहिला निरोप. गच्चीवरच्या बागेसाठी मी ऑनलाइन मंच सुरू केला होता आणि माझ्या स्वागताच्या चार ओळींत त्यांना सहा चुका सापडल्या होत्या. मी जाम चिडले. पण निरोप खासगीत आला होता, मंचावर अवाक्षर नव्हतं, आणि चुकांच्या आधी माझ्या कढीपत्त्याचं मनापासून कौतुक होतं. काय बोलणार?

काका नाशिक रोडला राहायचे. छापखान्यात प्रुफं तपासण्यात उभा जन्म गेलेला. स्वतःची बाग म्हणजे गुलाबाच्या तीन कुंड्या, त्यातली एक कायम वाळलेली. “मी झाडांसाठी नाही, वाक्यांसाठी येतो,” म्हणायचे. कुणी चुकलं की आधी कौतुक, मग प्रश्न, आणि तेही खासगीत. “पोस्टवर माणसाचं नाव असतं गं. त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही.”

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. दिंडोरीचे रामदासभाऊ द्राक्षाचे बागायतदार. गच्चीवरच्या वेलीची छाटणी त्यांनी मोठ्या हौसेने लिहिली, पानभर, पूर्णविराम एकही नाही. काकांचं त्या दिवशी काय बिनसलं होतं कोण जाणे, त्यांनी मंचावरच चुकांची यादी टाकली. लोक हसले. रामदासभाऊंनी आपलं सगळं लिखाण पुसलं आणि मंच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. “दिंडोरीला जायचंय. एकट्याने तोंड दाखवायची हिंमत नाही.”

आम्ही पोचलो तेव्हा रामदासभाऊंच्या बागेत छाटणी चालू होती. सगळ्या मजुरांसमोर काका म्हणाले, “भाऊ, चारचौघांत बोललो ही माझी चूक. चारचौघांतच माफी मागतो.”

रामदासभाऊ खाली बघत म्हणाले, “सर, मी नववी शिकलेला माणूस हाय. हसले त्याचं काय नाय. पण पोरीनं वाचलं ना ते.”

 काका म्हणाले, “मला शिकवाल छाटणी?” भाऊंनी कात्री दिली. काकांनी ती काडीवरच्या नको त्या डोळ्यावर, कोंब फुटतो तिथेच, धरली. घड येणारी काडीच गेली असती. शेजारी मजूर बघत होते.  भाऊंनी फक्त काकांचा हात धरून कात्री दोन बोटं वर सरकवली.

 परतताना एसटीत काका म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात चूक दाखवणं. मला अजून जमलेलं नाही.”

आठवड्याने रामदासभाऊ मंचावर परतले. तेव्हापासून त्यांची प्रत्येक पोस्ट आधी काकांकडे जायची.

मागच्या महिन्यात काका गेले. त्याच संध्याकाळी मला खासगीत रामदासभाऊंचा निरोप आला. काकांवर पानभर लिहिलं होतं, एका दमात, कुठेही न थांबता. खाली एक ओळ: “ताई मंचावर टाकायच्या आधी बघून द्या आता सर नाय”

मी लिहिलं, “मजकूर उत्तम.” पुढचं काही लिहवेना.