व्हाइट लायचं उदाहरण

पवनीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. शब्द, अर्थ आणि वाक्यात उपयोग, या तीन खणांच्या वहीवर माझा फार जीव. सत्तर साल उलटून गेलं होतं आणि त्या भागात 'व्हाइट लाय' पोरांच्या गळी उतरवणारा मास्तर आपण एकटेच, अशी माझी ठाम समजूत होती. लाय म्हणजे खोटं, एवढं पोरं पाठ करत. पण व्हाइट लाय म्हणजे समोरच्याला दुखवू नये म्हणून बोललेलं खोटं, आणि त्याला गाइडमधलं उदाहरण मला चालत नसे. मी आपल्या घरचं द्यायचो. तारेचं.

आमच्याकडे कोणी गेलं तर तारेत तसं लिहीत नसत. वाटेत एकट्या माणसानं हाय खाऊ नये म्हणून 'सिरियस, लवकर निघा' एवढंच लिहायचे. वडिलांच्या वेळी मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. भंडाऱ्याला उतरून औषधं घेतली आणि धावतपळत आंबागडला पोचलो, तर दारात तिरडी बांधणं चाललेलं. हातातली पिशवी कुठे ठेवावी तेच मला कळेना. पुढे दरवर्षी मी हे वर्गात सांगायचो. पोरं हसायची, मीही हसायचो.

आईची तार आली तेव्हा मी वर्गातच होतो. 'मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' तुमसरहून आदल्या दिवशी केलेली, माझ्या हातात पडली दुपारी. शिपाई मान खाली घालून उभा राहिला. हेडमास्तरांनी पाठीवर हात ठेवला. आई गेली, हे सगळ्यांनीच धरलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, या खेपेला ताक फुंकूनच पिणार होतो. आई काल गेली असेल तर आजपर्यंत कशाला ठेवतील? धाकट्या भावानं अग्नी दिला असेल. आता जिवाचा आटापिटा करून काय मिळणार? बायको माहेराहून संध्याकाळी यायची होती. तिला घेऊन सकाळच्या गाडीनं निघावं, तिसऱ्या दिवसाच्या विधीला पोचू, असं मी ठरवलं.

घरी जाऊन विहिरीवर आईच्या नावानं आंघोळ केली. आमची चूल पेटणार नव्हती म्हणून शेजारणीनं वरण-भात आणून दिला. मी पोटभर रडलो. रडून थोडं हलकंही वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंबागडला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. आईला अजून उचललं नव्हतं. ती त्याच दिवशी पहाटे गेली होती. भावानं पोस्टातल्या बाबूला सांगितलं होतं, माय लय बिमार हाये, आणि बाबूनं तेवढंच लिहिलं होतं. तार आली त्याच दुपारच्या गाडीनं निघालो असतो तर दिवेलागणीला मी तिच्याजवळ असतो.

भाऊ मला बघून उठला. "काहून उशीर केला गा दादा? काल दिवसभर दाराकडंच पाहून रायली होती माय. म्या पाणी पाजलं तं ओठ मिटून घे. म्हने, मोठा येऊन रायला, त्याच्याच हातचं पेईन."

बायको माझ्या मागेच उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"तार मले आज सकाळीच भेटली," मी म्हणालो.

भावानं पोस्टवाल्यांचा उद्धार केला. मग माझ्या गळ्यात पडून रडला. "तुही काय चूक दादा, तुही काय चूक," म्हणत मलाच थोपटत राहिला. बायको आत निघून गेली. पुढे कितीतरी वर्षं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, तार येळेवर भेटली असती तं माहा दादा उडत आला असता. मी तिथेच बसलेलो असायचो.