पूजेत मांडलेली बुचं

कफ परेडच्या मच्छीमार नगराशेजारी शिडाची बोट चालवायला शिकवणारा एक छोटा वर्ग आहे. तिथे बोटीच्या देखभालीला मी लागलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, आणि घरात पदवी घेतलेला मी पहिला. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी तरीही मला ठेवून घेतलं. "पोहायला शिकशील रे, तू नीटनेटका आहेस," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आईला फोनवर दोनदा ऐकवलं होतं.

बोट म्हणजे लहानशी कॅटमरान. दोन लांबट पोकळ होड्या, त्यांच्यामध्ये ताणलेली जाळी आणि वर डोलकाठी. समुद्रावरून आली की ती गोड्या पाण्यानं धुवायची, दोऱ्या वाळवायच्या, डोलकाठीच्या तारा बोटांनी चाचपायच्या. प्रत्येक होडीच्या मागच्या टोकाला तळाशी एक बूच असतं. ते काढून आत झिरपलेलं पाणी निथळू द्यायचं. तिथल्या म्हाताऱ्या कोळी मामांचा दंडक होता, की बूच ज्यानं काढलं त्याच्याच खिशात राहील आणि लावेलही तोच. मी मात्र सगळी कामं वहीत लिहून काढली होती. काम झालं की पुढे खूण करायचो. मामा हसायचे, "वहीला कुठं पानी लागतं रे? लागतं ते बोटीला."

खंडेनवमीला मी शेडमध्ये पूजा मांडली. माझे वडील सुतार. त्यांची लहानातली लहान पटाशीही पूजेत असायची, आणि मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलायचं नाही. मी पाना, पक्कड, शीड शिवायची सुई ठेवली. खिशातली दोन्ही बुचंही ठेवली, त्यांना हळदकुंकू वाहिलं. वहीत शेवटची ओळ उरली होती, 'बुचं लावली'. सणाच्या दिवशी पान अर्धवट ठेवू नये, असं शाळेत गुरुजी सांगायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती लावायचीच होती. मी खूण करून टाकली.

दसऱ्याच्या सकाळी नायगावहून बस उशिरा मिळाली. पोचलो तर बोटीची जागा रिकामी.

"ताई गेल्या," जाळं शिवता शिवता मामा म्हणाले. "तुजी वही बगितली नि एकल्याच गेल्या."

शेडमध्ये झेंडूखाली दोन्ही बुचं तशीच होती. शेजारी टेबलावर ताईंचा फोन.

"मामा, बुचं!"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते आपल्या इंजिनाच्या होडीकडे पळाले, मी त्यांच्या मागे.

शीड दिसलं तेव्हा ते आकाशाकडे मागे कललेलं होतं. बोटीची मागची टोकं पाण्याखाली गेली होती. ताई जाळीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. अंगात लाइफजॅकेट होतं, पण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. प्रत्येक लाटेबरोबर बोट थोडी आणखी खाली बसत होती.

"ताई, फुडं सरका! एकदम फुडं!" मामा ओरडले. त्या पुढे सरकल्या, तशी मागची टोकं जराशी वर आली. मामांनी माझा पट्टा मागून धरला. "काडली कुनी? लाव आता."

मी ओणवा झालो. खांद्यापर्यंत हात पाण्यात. भोक दिसत नव्हतं, बोटांना लागत होतं आणि लाटेबरोबर निसटत होतं. एक बूच बसलं. दुसरं हातातून सुटतंय असं वाटलं तेव्हा मी मूठ इतकी आवळली की तळहात कापला. ते कसं बसवलं, मला खरंच आठवत नाही.

मामांनी बोट ओढत किनाऱ्याला आणली. वर घेतल्यावर मी पुन्हा बुचं काढली. पाणी पडायला लागलं. थांबतच नव्हतं. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एवढं पाणी त्यांच्याखाली भरलं होतं. नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो. भीती त्याची नव्हती.

शेवटचे थेंब पडल्यावर ताईंनी मामांच्या टोपलीतून आपट्याचं पान घेतलं. "सोनं घे," त्या म्हणाल्या.

माझ्या मुठीत बुचं होती. मूठ उघडेना.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि पान माझ्या वरच्या खिशात ठेवलं.