राखीव संघाचा इतिहासकार

बनशंकरीहून पीण्या स्टेशनाकडे जाणाऱ्या मेट्रोत तो रोज भेटे. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, मांडीवर वही आणि वहीत स्पेनमधल्या एका फुटबॉल क्लबच्या राखीव संघाचा इतिहास. तोही चक्क मराठीत! मी खोडी काढली, "अण्णा, मुख्य संघ सोडून ह्या दुय्यम पोरांचं कशाला लिहिता?"

"त्यांचं लिहायला जग बसलंय की ओ. ह्यांचं कोण लिहिणार?"

एकदा त्याच्या कारखान्याचं स्टेशन, पीण्या, आलं तरी तो उठेना. वहीतल्या इतिहासात मुख्य संघ हरून खालच्या गटात घसरला होता. एकाच क्लबचे दोन संघ एका गटात चालत नाहीत, म्हणून त्या गटात झकास खेळलेल्या राखीव संघालाही आणखी खाली ढकललं होतं.

"अण्णा, उतरा! हजेरी चुकेल."

"चुकू दे. नुसतं 'खाली गेले' लिहून सोडलं, तर वाचणाऱ्याला वाटेल पोरं हरली. कोण कसं खेळलं ते सगळं लिहिल्याबिगर उठत नाही."

दारं बंद झाली. त्यानं मान खाली घालून एकेका खेळाडूचं नाव लिहायला घेतलं.

माझं स्टेशन तर केव्हाच मागं पडलं होतं. पण त्यानं धरायला दिलेलं पेनाचं टोपण माझ्या हातात होतं ना!