पदराचा बोळा

एडवणच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या दिवसांत जमना कावळे हाकलते. वय चाळीस, अंगात कामाची हौस अजून आहे, पण काम हेच. बाकीच्या बायका वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरांवर, बोंबील टाकतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरावर सोडून द्यायची. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण त्याला दोन्ही हातांची दहा बोटं सुटी लागतात आणि हात डोक्याच्या वर जावा लागतो. जमनाची उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत आणि हात आपणहून खांद्यापर्यंतसुद्धा जात नाही.

आठ वर्षांपूर्वी तिने स्वतःला पेटवून घेतलं. भांडण कशावरून होतं ते नवऱ्याला, नामदेवला, आज आठवत नाही. जमनाला आठवतं. तिच्या भावाकडे पापलेटं पाठवायची की नाही, यावरून. आता हसा. पापलेटं निमित्त होती हो, आत वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं, पण ते ऐकायला कोणाला वेळ होता?

‘वाचली, नशीब तिचं,’ असं गाव म्हणालं आणि आपापल्या कामाला लागलं. लोकांचं काय जातं म्हणायला. वाचली म्हणजे काय झालं, तर चार महिने इस्पितळात पडली आणि जखमेला चिकटलेल्या पट्ट्या रोज सोलून निघाल्या. मांडीची कातडी काढून गळ्याला लावली, तेव्हा मांडीची आग वेगळी आणि गळ्याची वेगळी. हनुवटी छातीकडे ओढली गेली, ती सोडवायला पुन्हा दोनदा चिरलं. भाजल्या जागेला आता घाम येत नाही, त्यामुळे उन्हात अंग आतल्या आत उकडतं. खाज अशी सुटते, की भिंतीला पाठ घासावी. थंडीत काखेतली कातडी तडकते आणि खारं पाणी लागलं, की डोळ्यांपुढे अंधारी येते.

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, हात रोज ताणायचा, नाहीतर पुन्हा आखडेल. म्हणून रोज संध्याकाळी सासू, माई, दार लावून घेते, तेल चोळते आणि जमनाचा हात वर ओढते. जमना तोंडात पदराचा बोळा कोंबते. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. जमना भाजली तेव्हा हेमांगी दहा वर्षांची होती. ‘आये, दुखतं काय गं?’ असं तिने विचारलं, तेव्हा जमना म्हणाली, ‘नाय गं, बरं झालं सगळं.’ तेच आठ वर्षं सांगत आली. शहाणपणा केला असं तिला वाटत होतं.

परवा त्या शहाणपणाचं फळ मिळालं. हेमांगीला बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. सालवडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचं म्हणाली. नामदेव नको म्हणाला. शब्दाला शब्द वाढला आणि पोरगी ताट सरकवून म्हणाली, ‘जाऊ नाय दिलं तर मी पण आयेसारखं करीन.’

नामदेवच्या हातातला घास तसाच राहिला. ‘जा,’ म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

जमना चुलीपाशी बसून बघत होती. तिला लख्ख कळलं, पोरगी काय शिकली ते. आय पेटली, त्या दिवसापासून बापाने घरात आवाज चढवला नाही, आयेला काही दुखत नाही, म्हणजे सौदा स्वस्तात पडला. आवाज चढवला नाही, खरं आहे. पण नामदेव आठ वर्षं बायकोकडे सरळ बघतही नाही. भ्यालेला माणूस शेजारी झोपतो, त्याला संसार म्हणतात काय? आणि हे पोरीला कोणी सांगितलं? कोणीच नाही. जमनाला स्वतःचाच असा राग आला, की चिकटलेली बोटं जमिनीवर आपटावीशी वाटली.

संध्याकाळी माई तेलाची वाटी घेऊन उठली. जमना म्हणाली, ‘माई, तुमी बसा. आज हेमांगी करंल.’

‘पोरीला कशाला दाखवतंस ते?’ माई पुटपुटली.

‘बघूदे.’

जमनाने पोलकं काढलं. हेमांगीने आयेची पाठ, काख, छाती आठ वर्षांत पहिल्यांदा उजेडात पाहिली. काखेत ताजी चीर होती, ओली. पोरीचे हात थांबले.

‘चीर टाळून तेल लाव. मग मनगट धर आणि हात वर ओढ. माई कानापर्यंत नेतात.’

हेमांगीने हळूच ओढला. जमनाने आज बोळा घेतला नाही. तिच्या तोंडून जे निघालं, त्याने अंगणातली कोंबडी उडाली. शेजारची गोजराबाई दारात येऊन उभी राहिली. हेमांगीने हात सोडून दिला.

‘आये, तू तर म्हणायचीस दुखत नाय.’

‘खोटं बोलायची मी.’ जमनाचा श्वास अजून बसत नव्हता. ‘तुला बोईसरला जायचंय तर जा. भांड, रड, चार दिवस अबोला धर. मी तुझ्या बाजूने भांडीन बापाशी. पण आयेसारखं करीन म्हणालीस ना, तर ते हे हाय. तेव्हा वाटलं, एकदाच काय ते होईल. रोज होतंय.’

हेमांगी रडत होती. माईने तिच्या हातातून वाटी घ्यायला हात पुढे केला, तो जमनाने अडवला.

‘थांबू नको,’ ती लेकीला म्हणाली. ‘अजून कानापर्यंत गेला नाय.’