पानांच्या मांडवाखालचा आनंद

माय, भाऊ, केनवडचे सगळे, मी तुमच्याशी खोटं बोललो. सायरन वाजला तेव्हा मी सांभाळतो त्या सिपोराआजीला चाकाच्या खुर्चीसकट उचलून बंकरमध्ये नेलं, असं मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. भाऊने ते विहारातही सगळ्यांना सांगितलं. खरं असं की आजी अंगणातच राहिली आणि मी एकटा पळालो.

केनवडहून निघालो त्या सकाळी वाशिमला जाणारी जीप भरली होती. मागे एकच जागा होती, बॅग मांडीवर. माय खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "म्हातारं मानूस हाय थे. मायबापावानी पाहाय." तोवर मी इस्रायल नकाशातही नीट पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांची सेवा करायचं काम आहे, इतकंच माहीत होतं.

इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो मराठीचा. सिपोराआजी कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायल. तरुणपणी इथे आल्या, पण मराठी अजून तशीच खणखणीत. माझी वऱ्हाडी ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मले, तुले! अरे, हे मराठी की भांडण?" दिवसभर हिब्रूत 'केन' आणि 'लो', म्हणजे हो आणि नाही, म्हणून थकलेला मी त्यांच्यापाशी येऊन हसायचो.

त्यांच्या सुक्कोतच्या सणाला सात दिवस घराबाहेर मांडव घालून त्यात जेवतात. त्याला सुक्का म्हणतात. या वर्षी तो मी बांधला. शेतातली खोपी शाकारावी तशी खजुराची पानं गच्च अंथरली, थेंब आत येणार नाही अशी. आजींनी वर पाहिलं.

"चांदणी कुठून दिसायची? काढ थोडी."

"आजी, पानी आलं त मंग?"

"पक्कं छप्परच हवं तर घर काय वाईट होतं?"

मी पानं उपसली. फटींतून आभाळ दिसू लागलं. त्या दिवसांत लढाई चालू होती, रॉकेटं आभाळातूनच येत होती. सायरन वाजला की जिन्याखालच्या बंकरपर्यंत पोचायला मिनिटभरही वेळ नसायचा. मी झोपेतसुद्धा बूट काढत नव्हतो.

"या वर्षी आतच बसू ना," मी म्हणालो.

"या सणाला आनंद करायचा हुकूम आहे आम्हाला."

"भेव वाटून राह्यला त आनंद कसा करावा?"

"मला काय भीती वाटत नाही? पण आम्ही घर सोडून पानांखाली येतो ते कशाला? भिंतींनी आपल्याला राखलेलं नाही, हे आठवायला. आणि आनंद एकट्याचा नसतो. परका, विधवा, घरात काम करणारा, सगळे पंगतीला हवेत. ते नसले तर तो सण नव्हे, नुसतं पोट भरणं. बस आता, उभ्याने काय वाढतोस?"

आमच्याकडे जयंतीच्या पंगतीत कोणी उपाशी राहिलेलं नसतं, ते मला आठवलं. मी बसलो.

तिसऱ्या संध्याकाळी पहिला घास हातात होता तेव्हा सायरन झाला. पुढचं आठवतं ते बंकरचं लोखंडी दार, अनोळखी माणसांचे श्वास आणि वर फुटलेला आवाज. शेजारच्या बाईने विचारलं, "सावता कुठे?" सावता म्हणजे आजी.

दहा मिनिटांनी परत आलो. आजी तिथेच होत्या. माझ्या ताटावर त्यांनी दुसरं ताट झाकून ठेवलं होतं.

"जेव. गार झालं," त्या म्हणाल्या.

मला घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला आणि माझ्या तोंडून ते खोटं निघून गेलं. माय रडली. "माह्या लेकानं नाव राखलं," म्हणाली. त्यानंतर मला सायरनपेक्षा तुमच्या फोनची जास्त भीती वाटू लागली.

उरलेले दिवस मी उभ्यानेच वाढलं. आज पोळी करपली, उद्या पोट दुखतं, अशी कारणं. आजी रागावल्या नाहीत, तेच सोसवत नव्हतं. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी ताट पुढे ढकललं.

"तुझ्यामुळे माझा सण अडलाय. त्या दिवसाचं मी विचारलंय का तुला?"

"नाई."

"मग तूच सांग, आणि बस."

पूर्वी घर म्हणजे मला केनवडच होतं. आता वाटतं, ज्याच्यासमोर आपला भित्रेपणा कबूल करून त्याच ताटावर बसता येतं, तेही घरच. केनवडलाही मी तसाच येईन, तुम्ही येऊ दिलं तर.

मी खाली बसलो आणि म्हणालो, "आजी, मी पळालो. लोकायले वाटते घाबरून तुमाले इसरलो असन. नाई. तुमी बाहीर हाय हे मले बंकरच्या दारातच याद आलं होतं. तरी मी वापस नाई आलो. मले माफ करा."