इंजिन बिघडलंय, अण्णा

फोनवर अण्णाचं नाव दिसलं आणि पलीकडचं ऐकून घ्यायच्या आधीच मी बोलत सुटलो. "अण्णा, आज बी मिस्त्री आला न्हाय बघ. सुटा भाग पुण्याहून यायचाय म्हणतोय, आता लागले तर लागले आठ दिवस..." पलीकडून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, पचली थाप. मग अण्णाच्या मुलाचा, सन्मतीचा आवाज आला. "काका, अण्णा गेले. पहाटे, झोपेतच."

पुण्याहून काहीही यायचं नव्हतं. मिस्त्री नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता. देवगडच्या खालच्या अंगाला एका खाडीत आमची होडी उभी होती आणि तिचं इंजिन ठणठणीत होतं. माणूस गेल्यावरसुद्धा त्याला थाप मारणारा मित्र कोल्हापुरात माझ्याशिवाय दुसरा नसावा.

भूपालअण्णा राहायला उचगावचा. उद्यमनगरात त्याचं डिझेल इंजिनाचे भाग बनवायचं वर्कशॉप. मी वारणानगरच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला, मंगळवार पेठेतला. यंत्र म्हणाल तर सायकलची चेन बसवतानासुद्धा मी शेजाऱ्याला हाक मारतो. कुणाच्या तरी लग्नाला आम्ही दोघं कोकणात गेलो होतो, तिथं वाळूत पडलेली, छोट्या केबिनची एक जुनी फायबरची होडी अण्णानं बघितली आणि लग्न सोडून तिच्याभोवतीच फिरत राहिला. पुढच्या हिवाळ्यात तिच्यात त्यानं स्वतः जुळवलेलं इंजिन बसलं होतं आणि मी तिचा अर्धा मालक झालो होतो. "मास्तर, निम्मी तुझी," तो म्हणाला, "पण हात लावायचा न्हाय कशाला."

हात लावू नको म्हणाला ते उगीच नव्हे. पहिल्याच फेरीत एका डोंगराच्या कुशीत आम्ही थांबलो. नांगर टाकायचा मान अण्णानं मला दिला. मी तो ऐटीत पाण्यात सोडला. दोर सळसळत गेला, गेला, आणि संपला.

"मास्तर, शेवट कुठं हाय?"

"कसला?"

"दोराचा."

दोराचं दुसरं टोक होडीला बांधायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा होडीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. पुढच्या खेपेला वर्कशॉपमधून नवा नांगर घेऊन आला, तेव्हा त्याच्या दांड्यावर वेल्डिंगनं माझं नाव काढलेलं. "आता टाक कुठं बी. कुणाला घावला तर मंगळवार पेठेत आणून दील."

तिथून पुढचे सगळे हिवाळे आम्ही मुक्कामाच्या जागा शोधत हिंडलो. त्या किनाऱ्याला डोंगर थेट पाण्यात उतरतात. वरनं रस्त्यानं जाणाऱ्याला नुसते कडे दिसतात, खालून जाणाऱ्याला मात्र दोन सोंडांच्या मधे चार माडांपुरती वाळू सापडते. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, म्हणून त्या अंगाला डोंगराची आडोशाची सोंड हवी. खाली वाळू हवी, खडकात नांगर अडकतो नाहीतर घसरतो. अण्णा दोराला शिशाचा गोळा बांधून सोडायचा. गोळ्याच्या बुडाला ग्रीस फासलेलं. वर ओढला की ग्रीसला काय चिकटलंय ते चष्मा कपाळावर ढकलून बघायचा. वाळू असली की म्हणायचा, "पास." नुसतं ओरखडलेलं ग्रीस वर आलं, की होडी पुढं.

आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत. अण्णा जैन, सूर्यास्तानंतर अन्नाला शिवायचा नाही. त्यामुळं आमचा समुद्रावरचा दिवस त्याच्या जेवणाच्या डब्याभोवती फिरायचा. ऊन तिरपं झालं की जागा सापडलीच पाहिजे, नांगर पडलाच पाहिजे, डबा उघडलाच पाहिजे. अनोळखी जागेत अंधारात शिरू नये हा दर्यावर्दी लोकांचा नियम म्हणे. आम्ही तो वहिनींच्या डब्यामुळं पाळला. त्या जागांना नकाशात नावं नव्हती, आम्ही खाल्लेल्या पदार्थांवरनं ठेवली. थालीपीठ. मुगाची आमटी. एकीचं नाव नुसतंच 'उपास', कारण मासे विकत घ्यायला मी वाटेतल्या बंदरात रेंगाळलो आणि पोचेस्तोवर सूर्य गेला. मी त्याच्यासमोर बांगडा खाल्ला. तो पाणीसुद्धा न पिता डोंगराकडं बघत बसला होता, आणि वर मलाच म्हणाला, "काटा बघून खा."

मागच्या वर्षी अण्णाच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी समुद्र बंद सांगितला. अण्णा डॉक्टरांचं ऐकेना, घरच्यांचं तर नाहीच. सन्मती आणि वहिनी माझ्याकडं आले. "भावजी, तुमचं ऐकतील ते. काहीतरी सांगा." खरं सांगायचं तर 'अण्णा, मला तुझी काळजी वाटते, तू जाऊ नकोस' एवढंच सांगायचं होतं. आयुष्यभर मराठी शिकवली, पण ही दोन वाक्यं जमली नाहीत. त्याऐवजी मी फोन केला आणि म्हणालो, "अण्णा, इंजिन बिघडलंय."

"काय झालं?"

मी आठवतील ते शब्द गोळा केले. "कार्बोरेटर बसलाय."

"कार्बोरेटर?"

"पार चोक."

"बरं," अण्णा म्हणाला. "साफ करून घे मग."

मी खूश. पुढच्या आठवड्यात मी प्लग बदलायला घेतला. अण्णानं आस्थेनं विचारलं, "ठिणगी पडती का?" मी म्हणालो, "अजिबात न्हाय." तो म्हणाला, "मग अवघड हाय." असं महिनोन्‌महिने चाललं. दर आठवड्याला मी इंजिनाचा नवा अवयव आजारी पाडायचो आणि फोन ठेवून स्वतःच्या हुशारीवर चहा प्यायचो.

शेवटी एकदा फोन त्यानं केला. "मास्तर, इंजिन ऱ्हाऊ दे. समुद्र बी ऱ्हाऊ दे. खाडीत नुसतं नांगरावर बसून येऊ. संध्याकाळी डबा खाऊ आन माघारी येऊ."

डॉक्टरांनी समुद्र बंद केला होता, खाडी नव्हे. मी हो म्हणू शकलो असतो. गाडीनं गेलो असतो, त्याला हाताला धरून चढवलं असतं. पण थापेच्या एवढ्या मजल्यांवरनं खाली उतरायचं कसं? होडीत पाय ठेवला की त्याला इंजिन दिसणार, आणि मी उघडा पडणार. म्हणून मी म्हणालो, "होडी वर ओढून ठेवलीय अण्णा. पाण्यात न्हाय."

"आस्सं," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

तो गेल्यावर पंधरवड्यानं उचगावला गेलो. वहिनींनी चहा दिला. मला राहवलं नाही, मी सगळं कबूल करायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं.

"भावजी, डिझेलच्या इंजिनाला कार्बोरेटर नसतो. प्लग पण नसतो. ह्या घरात बारक्या पोराला ठाऊक असतंय ते."

मी कप खाली ठेवला.

"फोन ठेवला की हसायचे. म्हणायचे, आज मास्तरनं प्लग काढला, पुढच्या आठवड्यात काय काढतोय बघू. मी म्हटलं, सांगा की त्यांना. तर म्हणाले, नगं, थाप मारायला का हुईना, फोन करतोय की."

मी हसायचा प्रयत्न केला. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शेवटच्या फोनला मात्र हसले न्हाईत."

आता ह्या वाक्याचं मी काय करू? अण्णा फसला असता तर मी नुसता लबाड ठरलो असतो. तो फसला नव्हता. होडी पाण्यात आहे, इंजिन धड आहे, आणि आपल्या मित्राला आपल्याला न्यायचं नाही, एवढं समजून तो 'आस्सं' म्हणाला होता.

मागच्या रविवारी घाट उतरून एकटाच गेलो. मनात एकच आशा होती आणि ती सांगायचीही लाज वाटते. इतके महिने पडून इंजिन खरंच बिघडलेलं असावं. थोडं तरी. म्हणजे माझ्या बोलण्यात मागाहून का होईना, तथ्य आलं असतं. खाडीच्या पाण्यावर होडी शांत उभी होती. चढून इंजिनाचं झाकण उघडलं. हँडल फिरवून वेग घ्यायचा आणि वरची कळ पाडायची, एवढं मी अण्णाचं बघून शिकलो होतो. हँडल घातलं, डोळे मिटले आणि सगळा जोर लावला.

पहिल्याच फटक्याला सुरू झालं. ठक ठक ठक ठक, अगदी उद्यमनगरातल्यासारखं, डोंगरावर आपटून परत येणारं...

थोड्या वेळानं बंद करायला हात पुढं केला, तेव्हा लक्षात आलं की बंद कसं करतात हे मला माहीतच नाही. ते नेहमी अण्णा करायचा. मी एकदोन कळा चाचपल्या आणि हात मागं घेतला. मग समोरच्या फळीवर बसलो आणि ते चालू दिलं.