शैलाच्या कप्प्या

शैलाच्या मुलाचा, समीरचा फोन आला तेव्हा मला वाटलं, भाऊजी गेले. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस. आम्ही सगळे मनातून त्यांचीच तयारी करून बसलेलो. तो म्हणाला, "मावशी, आई गेली." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे बाबा ना?" पलीकडे तो नुसता रडत राहिला. शैलाला शिरगावच्या फ्लॅटमध्ये सकाळी झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

शैला आणि मी अंबरनाथच्या एकाच शाळेत. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी म्हणून मैत्री झाली. नाहीतर तिच्या त्या लाडक्या प्राचीन ग्रीकांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. 'साधी यंत्रे' हा धडा आला की बाईंच्या अंगात यायचं. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू... सगळं मैदानात मांडायची. फळीच्या आखूड टोकाला पीटीचे ढेरपोटे सर, लांब टोकाला पाचवीतली एखादी काडीपैलवान, आणि सर वर! मग आर्किमिडीजची गोष्ट. त्यानं म्हणे कप्प्या लावून माणसांनी भरलेलं जहाज राजासमोर एकट्यानं ओढलं. एकदा मी तिला चिडवायला विचारलं, "बाई गं, वेळ किती लागला त्याला?" ती एकदम खूश. "हे कोणी विचारतच नाही! बराच लागला असणार. जोर कमी लावायचा तर दोरी जास्त ओढावी लागते. फुकट काही मिळत नाही." चिखलोलीच्या नव्या टॉवरवरची क्रेन दिसली की रिक्षातून बोट दाखवायची, "बघ, अजून ग्रीकांचंच चाललंय." मी हो हो म्हणायचे.

आम्ही रिटायर झालो आणि वर्षभरात भाऊजींना अर्धांगवायू झाला. ते उंचेपुरे, भारदस्त. शैला जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. समीर पुण्याला नोकरीत. त्याचं म्हणणं, बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवू, आईला झेपणार नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. शैला म्हणाली, "ते इथंच राहतील. मी उचलेन." समीर हसला. मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात ती मला घेऊन उल्हासनगरला गेली. कप्प्या घेतल्या, दोरी घेतली, आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एका सिंधी टेलरकडून जाड कापडाची झोळी शिवून घेतली. तो माप घेताना गोंधळला. "मॅडम, इसमें रखना क्या है?" "हमारे मिस्टर को." त्यानं शिलाई डबल मारून दिली.

पलंगाभोवती लोखंडी चौकट उभी राहिली, आणि पहिली स्वारी माझी. मी झोळीत देवाचं नाव घेत बसले, शैला दोरी ओढत मागं मागं सरकली आणि कपाटावर आपटली. मी गादीवरून बोटभरही उठले नव्हते. गणित तिनं चोख केलं होतं, फक्त आपलं घर वन बीएचके आहे हे विसरली होती. इतकी दोरी ओढायला जागाच नव्हती! भाऊजी आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं दाराच्या चौकटीपाशी आणखी एक कप्पी लावून दोरी बाहेर वळवली. आता ती स्वयंपाकघरातून उलट्या पावलांनी थेट गॅलरीपर्यंत जायची, दोरी ग्रिलला वेढे देऊन बांधायची, आत येऊन पलंग बाजूला ढकलून चाकांची खुर्ची खाली सरकवायची, की परत जाऊन हळूहळू सोडायची. रोज सकाळी खुर्चीत, रोज दुपारी पलंगावर. तिचे हात घट्ट्यांनी भरले, पण भाऊजी घरी राहिले. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि तो मी तिला कधी सांगितला नाही.

समीर आता वडलांना पुण्याला नेतोय. जाण्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. समीर सामानाची गाडी ठरवायला बाहेर गेला होता. भाऊजी म्हणाले, "आता दोन मदतनीस येतात, सुधाताई. बगलेत हात घालतात, झटक्यात खुर्चीत. एका मिनिटात मोकळे." मग वरच्या कप्प्यांकडे बघत, "एकदा तुम्ही ओढता का? उद्या हे सगळं काढणार आहेत."

"अहो, मला जमेल का?"

"तिला जमायचं."

झोळी लावली, आकडे दोनदा तपासले. दोरी हातात घेतली आणि मागं सरकू लागले. खरंच, वजन लागत नव्हतं; कुठल्याच गोष्टीची उपमा सुचेना, इतकं ते सोपं होतं. दार ओलांडलं तशी खोली दिसेनाशी झाली. दोरी येत होती, येतच होती. मग भाऊजींची हाक आली, जरा घाबरलेली.

"बोलत राहा ना. इथून कोणी दिसत नाही... ती बोलत राहायची."

जन्मभर मराठी शिकवली मी, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी समोर दिसलं तेच सांगायला लागले. "भाऊजी, ओट्यावर कढीपत्ता वाळलाय. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडंच राहिलंय. गॅलरीत तुमचा शर्ट वाळतोय, तो निळा..."

"हं," आतून आवाज आला, "पुढं?"